सरकारी एआरटी सेंटर: गोळी फुकट, सुट्टी मात्र आपल्या खिशातून

एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते ठिकाण. सेंटरचं नाव लिहिणार नाही हे आधीच सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलातलं आहे एवढं पुरे, कारण नाव टाकलं की रिव्ह्यू राहतो बाजूला आणि हा लिहिणारा कोण याचीच चौकशी सुरू होते. मी कंपनीत क्वालिटीला आहे, आधी प्रेस शॉपला होतो, 2014 पासून गोळ्या चालू आहेत. लोक मिक्सरचे रिव्ह्यू टाकतात, मिसळीचे टाकतात, आणि ज्या ठिकाणी माणूस जन्मभर जाणार त्याबद्दल मराठीत चार ओळी सापडत नाहीत. जे सापडतं ते एकतर डॉक्टरी भाषेत नाहीतर एड्स दिनाला, 1 डिसेंबरला, कॉलेजच्या पोरांनी काढलेल्या रॅलीच्या बातमीत. म्हणून ज्यांचा रिपोर्ट नुकताच आलाय आणि नोकरी सांभाळून हे कसं जमणार या विचाराने झोप उडालीय, मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय.

मार्क आधीच देऊन टाकतो. औषधाला 5 पैकी 5. माणसांना 4. आणि नोकरी करणाऱ्या माणसाच्या वेळेचा विचार याला 2, ते पण गुरुवारमुळे. गुरुवारचं पुढे येईल.

औषध म्हणजे टीएलडी. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर असे तीन घटक एकाच गोळीत, दिवसाला एक गोळी, जेवणाआधी घ्या नाहीतर जेवणानंतर, फक्त रोज साधारण त्याच वेळेला. नवीन लोकांना वाटतं मूठभर गोळ्या असणार आणि अंगावर काहीतरी दिसणार, तर तसं काही नाही, एक गोळी, पाणी, झालं. पैसे एक रुपया नाही. हे सगळं आपोआप मिळालेलं नाही बरं का, 1 एप्रिल 2004 ला सरकारने देशात आठ हॉस्पिटलांत फुकट एआरटी सुरू केली, आपल्याकडे त्यात मुंबईचं जेजे होतं, म्हणजे सुरुवातीला साताऱ्याच्या काय आणि सोलापूरच्या काय, माणसाने गोळीसाठी मुंबई गाठायची. आता जिल्ह्याला सेंटर आहेच, तालुक्याच्या ठिकाणी लिंक सेंटरं, म्हणजे याच गोळ्या देणारी छोटी सेंटरं, आहेत.

पण मी सुरू केलं तेव्हा टीएलडी नव्हती, टीएलई होती. त्यातला शेवटचा घटक एफाविरेन्झ, 600 मिलिग्राम, आणि ज्यांनी तो खाल्लाय त्यांना नुसतं नाव ऐकून चक्कर आठवेल. रात्री झोपताना घ्यायची, तेलकट जेवणावर घ्यायची नाही, आणि घेतल्यावर तासा-दोन तासात डोकं असं हलकं व्हायचं की भिंत धरून बाथरूमला जायचं. स्वप्नं तर विचारू नका, रंगीत, लांबलचक, सकाळी उठल्यावर खरं कुठलं नि स्वप्नातलं कुठलं ते कळायला चहा लागायचा. घरी बसलेल्या माणसाला हे चालून जातं. मी पॉवर प्रेसवर होतो आणि तिन्ही शिफ्ट फिरायच्या. "झोपताना घ्या" हे ऐकायला सोपं आहे, पण एक आठवडा माणूस रात्री दहाला झोपतो, दुसऱ्या आठवड्यात रात्री एकला आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठला, मग झोपतानाची वेळ म्हणायची कुठली? रात्री नऊला गोळी घेऊन नाइटला गेलो तर समोर प्रेस, खाली डाय, आणि आपल्याला गरगरतंय. आमच्या शॉपमध्ये बोट गेलेली माणसं होती, त्यामुळे हे काय प्रकरण होऊ शकतं ते मला कुणी समजावायची गरज नव्हती.

इथे सेंटरला पहिला पूर्ण मार्क. तिथल्या डॉक्टर मॅडमनी "मग नोकरी बदला" म्हटलं नाही. शिफ्टचा चार्ट मागितला, पेनाने त्यावर वेळा टाकल्या आणि हॉस्पिटलच्या लेटरहेडवर एक चिठ्ठी दिली की वैद्यकीय कारणासाठी काही काळ रात्रपाळी टाळावी. आजाराचं नाव नाही, एआरटीचा शिक्का नाही. हे लक्षात ठेवा, मेडिकल सर्टिफिकेटवर आजाराचं नाव घाला असा हट्ट कुणी धरला तरी तुम्ही ऐकू नका, नीट सांगितलं तर डॉक्टर तसं लिहून देतात. सुपरवायझरने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, काय रे, नवीन लग्न झालंय का. म्हटलं हो साहेब तसंच समजा. हसला आणि फर्स्ट-सेकंड दिली, पुढे क्वालिटीला जागा निघाली तेव्हा तिकडे टाकलं.

2021 च्या आसपास आम्हाला टीएलडीवर घेतलं आणि ते गरगरणं संपलं. सांगायचा मुद्दा हा की औषध बदललं आणि मी परत कुठल्याही शिफ्टला जायला मोकळा झालो. नव्या गोळीचा त्रास एकच, वजन. मला तरी पँट ढिल्या करून घ्याव्या लागल्या, सगळ्यांना होतं असं नाही. अजून एक, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी आणि अॅसिडिटीचं ते पातळ औषध टीएलडीच्या बरोबर नको. अॅसिडिटीचं औषध घ्यायचंच तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर, कारण ही औषधं डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात. कॅन्टीनचा रस्सा खाऊन अॅसिडिटीचं औषध ढोसणारे आमच्यात निम्मे, म्हणून मुद्दाम लिहिलं. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर ते पण सांगा, डोस बघावा लागतो.

आमच्या आधीच्या पिढीचं तर वेगळंच. सेंटरला एक दादा येतात, पार सुरुवातीच्या काळातले, त्यांना स्टॅव्ह्युडिन होती. त्या गोळीने जीव वाचला पण गाल बसायचे, हातापायाची चरबी उतरायची, तळव्यांना मुंग्या. ते सांगतात, तोंडावरूनच लोक ओळखायचे, कंपनीच्या गेटवर वॉचमन पण बघत राहायचा. म्हणजे औषधच गावभर सांगत फिरायचं. आता कोणाकडे बघून काही म्हणजे काही कळत नाही, आणि कामावर टिकायला याच्याएवढी मोठी मदत दुसऱ्या कशाने झाली नसेल असं माझं मत आहे.

आता सेंटरला गेल्यावर काय होतं ते. सकाळी केस पेपर, मग तुमचं हिरवं बुक, म्हणजे औषधाची नोंदवही, खिडकीत द्यायचं, मग बाकडं. नाव मोठ्याने पुकारत नाहीत, नंबर पुकारतात, हे चांगलं. मावशी वजन करतात, मग काउन्सेलर मॅडम. त्या मागचा डबा मागतात आणि उरलेल्या गोळ्या समोर मोजतात. नवीन माणसाला वाटतं हा काय प्रकार, पण ते चोरी पकडायला नाही, शंभरात पंचाण्णवच्या वर डोस वेळेत गेले पाहिजेत हा हिशोब आहे. मग चार प्रश्न ठरलेले, खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का. टीबीसाठी. दर वेळी तेच चार प्रश्न, आणि कंटाळा आला तरी खरी उत्तरं द्या, आपल्यातली माणसं जातात ती जास्त करून टीबीने. मग डॉक्टर, मग फार्मसीची खिडकी, डबे पिशवीत, बुकावर पुढची तारीख. ब्लड द्यायचं असेल तर त्याची वेगळी लाइन आणि ती सकाळीच.

हे सगळं आतून बघितलं तर दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. बाहेरून बघितलं तर अर्धा दिवस जातो, आणि सोमवार असेल तर पूर्ण. माझी तक्रार औषधाची नाही, माणसांची नाही, घड्याळाची आहे. हे सेंटर उघडतं सकाळी नऊ-साडेनऊला आणि दुपारनंतर आवरायला लागतं. बरोबर त्याच वेळेत आम्ही लाइनवर असतो. वीस वर्षांपूर्वी ते ठीक होतं, तेव्हा येणारा माणूस खाटेवरून उठून यायचा, त्याला कुठली ड्युटी. आज याच गोळ्यांनी आम्हाला धडधाकट करून कामावर पाठवलंय आणि सेंटर अजून आम्ही खाटेवरच आहोत असं धरून चाललंय. कायम असलेल्याची एक सीएल जाते, ठेकेदाराकडच्याचा दिवस भरत नाही, पगार कापला जातो. माझ्या बाकड्यावर बसणारा एक पोरगा ठेकेदाराकडे होता, त्याला महिन्यात दोनदा बोलावलं की तो पहिल्यांदा यायचा आणि दुसऱ्यांदा यायचाच नाही. त्याच्या बुकावर लाल पेनाने गैरहजर, आणि काउन्सेलर मॅडम त्याला जबाबदारीवर लेक्चर देतायत. अहो तो जबाबदारच आहे, घरभाडं द्यायचंय त्याला.

आणि आता गुरुवार. बाहेरच्यांना माहीत नसेल, पिंपरी-भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, विजेचा भार वाटून द्यायला पूर्वी ठरवलेलं ते अजून चालू आहे. बायकापोरांना रविवारी सुट्टी नि आपल्याला गुरुवारी म्हणून आयुष्यभर शिव्या घातल्या त्या गुरुवारला. पण एआरटीसाठी गुरुवार म्हणजे लॉटरी! सेंटर उघडं, आपण मोकळे, कुणाला काही सांगायला नको. गुरुवारी आमच्या सेंटरची गर्दी बघा, निम्मी माणसं सेफ्टी शूजची सवय असलेल्या पायांनी चालणारी, सगळे एकमेकांना ओळखून न ओळखल्यासारखे. एकदा आमच्याच कंपनीच्या स्टोअरमधला एक जण समोरच्या बाकड्यावर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनी एकदम मोबाइल काढला. कंपनीत त्या विषयावर एक शब्द झाला नाही शेवटपर्यंत, फक्त माझं मटेरियल कधी अडलं नाही.

नंतर मी कंपनी बदलली आणि नवीन कंपनीला रविवारची सुट्टी. झालं, लॉटरी संपली. आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला आहे आणि जे नियमित आहेत त्यांना, त्यामुळे वर्षात चारच चकरा, हे फार मोठं काम झालंय आणि त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. पण स्टॉक कमी असला की परत महिन्याचे, कधी त्याहून कमी दिवसांचे देतात. 2022 च्या जुलैत दिल्लीला नाकोच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, ऑफिसबाहेर लोक औषधासाठी धरणं धरून बसले होते ते आठवत असेल काहींना. अशा वेळी सेंटरवाले म्हणतात आठ दिवसांनी या. त्यांच्याकडे नाही तर ते कुठून देणार, हे मला समजतं, पण आठ दिवसांनी या म्हणजे आठ दिवसांनी परत साहेबापुढे उभं राहून नवीन कारण शोधायचं. माझी आत्या किती वेळा आजारी पडली असेल हिशोब नाही. शेवटी मी थायरॉइड सांगून ठेवलं. थायरॉइड बरं आहे, जन्मभर गोळी, अधूनमधून ब्लड टेस्ट, संसर्गाचा प्रश्न नाही, पुढे कुणी विचारत नाही.

एक संध्याकाळ, आठवड्यातून एकच, सातपर्यंत चालू ठेवा नाहीतर महिन्यातून एक रविवार उघडा, बाकी काही नको. ही सूचना मी तिथल्या वहीत लिहिली आहे. वही आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे, पुढचं माहीत नाही.

लोक विचारतील मग जवळच्या लिंक सेंटरला का नाही बदलून घेत. घेता येतं, तब्येत स्थिर असली की तालुक्याच्या हॉस्पिटलात गोळ्या मिळायची सोय करून देतात, प्रवास वाचतो. पण माझं गाव त्याच तालुक्यात. तिथल्या केस पेपरच्या खिडकीत आमच्या भावकीतला पोरगा बसतो, ड्रेसिंगला जी सिस्टर आहे ती आईच्या मैत्रिणीची सून. सोय कागदावर एक नंबर आहे, पण गाव ते गाव. आमच्या सेंटरच्या रांगेत लांबलांबून आलेली माणसं असतात ती याचसाठी, आणि मला खात्री आहे की आमच्या शहरातले कितीतरी जण असेच दुसऱ्या जिल्ह्यात जात असतील. त्यात सेंटरच्या दारावर लाल रिबिनीचा भला मोठा बोर्ड. अहो "ओपीडी क्रमांक अमुक" लिहा ना, शोधणारा शोधेल. भोसरीच्या एमआयडीसीत एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, नारी म्हणायचे तिला, आमची कंपनी बस तिच्यासमोरून जायची आणि बसमध्ये त्या पाटीवरून रोज कोणीतरी एक घाणेरडा जोक मारायचाच. तेव्हा बोर्डाने काय होतं ते मला माहीत आहे.

व्हायरल लोडबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण हीच एक टेस्ट खरी. पूर्वी सगळं सीडीफोरवर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या आकड्यावर, चालायचं. 2013 मध्ये माझा रिपोर्ट आला तेव्हा सीडीफोर 350 च्या वर होता म्हणून गोळ्या दिल्याच नाहीत, नाव रजिस्टरला लिहून घेतलं आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. म्हणजे आजार आहे पण औषध अजून नाही, सीडीफोर उतरला की देऊ. तो काळ डोक्याला फार वाईट. 2017 पासून ते गेलं, आता रिपोर्ट आला की सीडीफोर कितीही असो गोळ्या सुरू, बहुतेक वेळा आठवड्याच्या आतच. व्हायरल लोडची टेस्ट गोळ्या सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्ष झाल्यावर आणि पुढे वर्षाला एकदा, तो पण फुकट, बाहेर त्याला चार आकडी रक्कम मोजावी लागते. सॅम्पल दुसऱ्या लॅबला जातं आणि रिपोर्ट यायला वेळ लागतो, ते चालतं. चालत नाही ते हे की रिपोर्ट आला का हे विचारायला फोन उचलत नाहीत, यावं लागतं. परत घड्याळ.

पण तो रिपोर्ट हातात आला आणि त्यावर "टार्गेट नॉट डिटेक्टेड" असेल तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. विषाणू संपला असा नाही, गोळी सोडली की परत येतो. पण रक्तात मोजण्याइतका उरलेला नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर तुमच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जगभर यावर मोठे अभ्यास झालेत, हे कुणाच्या मनाचं नाही. माझी बायको निगेटिव्ह आहे, मुलगी निगेटिव्ह आहे. कामावर तर प्रश्नच नव्हता कधी, एका डब्यात जेवून, एका ग्लासने पाणी पिऊन, एकच टूल वापरून हे होत नाही हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, तरी कळल्यावर ग्लास वेगळा होतोच. म्हणून मी सांगत नाही. सांगावं असं ज्यांना वाटतं त्यांच्या हिमतीला सलाम, पण कामावर सांगायलाच पाहिजे असा कायदा नाही, उलट आहे.

कायद्याचं थोडक्यात, कारण सेंटरमध्ये हे कुणी सांगत नाही, नुसतं पोस्टर आहे आणि ते पंख्याच्या मागे. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही, काढता येत नाही, नोकरी देण्याआधी एचआयव्ही टेस्टची अट घालता येत नाही, आणि तुमच्या संमतीशिवाय टेस्टच करता येत नाही. कंपनीचं वर्षाचं मेडिकल असतं ना, त्यात कान, डोळे, एक्स-रे, फुंकर मारायची टेस्ट, हे चालतं. फॉर्मवर सही करण्याआधी काय काय टेस्ट लिहिल्यात ते वाचा एवढंच. 100 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी यासाठी तक्रार अधिकारी नेमायचा असतो. मी आजवर ज्या कंपन्यांत गेलो तिथल्या नोटीस बोर्डावर कॅन्टीनचा मेनू बघितला, याचं नाव बघितलं नाही. आणि हा कायदा यायच्या वीस वर्षं आधी, 1997 मध्ये, मुंबई हायकोर्टाने एका कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता. सरकारी कंपनीत रोजंदारीवर होता, कायम करायच्या वेळी टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह म्हणून नाव काढलं. कोर्ट म्हणालं, माणूस ते काम करायला फिट आहे आणि दुसऱ्याला धोका नाही तर नुसत्या एचआयव्हीवरून काम नाकारता येणार नाही. त्याचं नाव पण कोर्टाने बाहेर येऊ दिलं नाही, केस फक्त एमएक्स विरुद्ध झेडवाय म्हणून ओळखली जाते, कंपनीचं सुद्धा नाव नाही. मला ही केस फार आवडते.

आखातात जायचा विचार असेल तर मात्र आपला कायदा तिकडे चालत नाही. कामाच्या व्हिसाच्या मेडिकलला एचआयव्ही टेस्ट असते आणि पॉझिटिव्ह आला की अनफिट. एजंटला पैसे देऊन बसण्याआधी हे माहीत असू द्या.

सरकारी सवलतींचं असं आहे की त्या आहेत, पण घ्यायच्या तर तोंड उघडावं लागतं. एसटीत सवलत आहे, पण कंडक्टरला कार्ड दाखवायचं भरल्या गाडीत. संजय गांधी निराधार योजनेत आपला आजार बसतो, पण तहसीलला अर्ज, तलाठ्याचा दाखला, म्हणजे पुन्हा गाव. खरोखर गरज असलेल्या बायका ते सगळं सोसून घेतात, सेंटरला बघितलंय मी. माझ्यासारखा पगारवाला तिकीट काढतो आणि गप्प बसतो.

अजून एक नावडती गोष्ट. आता वय वाढलं, आम्हाला मारायला एचआयव्ही नाही, बीपी आणि शुगर टपून बसलेत. सेंटरमध्ये बीपी मोजतात, वाढलं म्हणतात, आणि चिठ्ठी देतात मेडिसिन ओपीडीची. ती दुसऱ्या बिल्डिंगला, दुसऱ्या दिवशी, दुसरी लाइन, दुसरी सुट्टी. तिथल्या शिकाऊ डॉक्टरने एकदा माझं हिरवं बुक दोन बोटांनी उचललं. एकाच खोलीत तीस दिवसांच्या बीपीच्या गोळ्या दिल्या तर काय बिघडेल? एवढी अवघड एचआयव्हीची गोळी देतात, ती दहा पैशाची देता येत नाही.

तरी शेवटी माणसांना 4 का दिले, तर लॉकडाउन. 2020 च्या एप्रिलमध्ये सगळं बंद, मी गावाला अडकलेलो, डबा संपत आलेला. काउन्सेलर मॅडमचा स्वतःहून फोन, कुठे आहात, किती गोळ्या उरल्यात. दुसऱ्या सेंटरला बोलून तिथून ट्रान्झिटमध्ये गोळ्या द्यायची व्यवस्था केली, म्हणजे तुमचं नाव आपल्याच सेंटरला राहतं आणि गोळ्या तात्पुरत्या दुसरीकडून मिळतात. ही सोय अजूनही आहे, कंपनीने बाहेरगावी पाठवलं, कुठे इन्स्टॉलेशनला गेलात, तर वापरा, आधी फोन करून बुक बरोबर न्या. नाक्यावर पोलिसाने अडवलं, मी बुक दिलं, त्याने पहिलं पान वाचलं, बुक परत दिलं आणि "मास्क नीट लाव" एवढंच म्हणाला.

1097 या नंबरला पण मार्क देतो, 4. टोल फ्री आहे, मराठीत बोलतात, नाव विचारत नाहीत. कधी फार वेळ रिंग वाजते. पण ज्या रात्री रिपोर्ट हातात असतो आणि घरात कुणाला सांगता येत नाही त्या रात्री दारू दुकानापेक्षा हा नंबर बरा.

पहिल्यांदा जाणार असाल तर आयसीटीसीचा, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्राचा, रिपोर्ट, आधार कार्ड आणि पासपोर्ट फोटो न्या. पहिल्या दिवशी बरंच रक्त काढतात, हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी, कावीळ बी आणि सी, सीडीफोर, वर छातीचा एक्स-रे, त्यामुळे त्या दिवशी हाफ डे टाकू नका, पूर्ण टाका. डबा प्लास्टिकचा आहे आणि चालताना खुळखुळ वाजतो, बॅगेत टाकताना रुमालात गुंडाळा. डब्यातली ती बारीक पुडी फेकू नका, दमट हवेपासून गोळ्या तीच राखते. कंपनीच्या पत्र्याच्या लॉकरमध्ये उन्हाळ्यात डबा ठेवू नका, तापतो, एक-दोन गोळ्या पाकिटात असल्या तर बास, ओव्हरटाइम अचानक लागतो. सोमवारी जाऊ नका. गुरुवार मिळत असेल तर गुरुवार, पण त्या दिवशी एमआयडीसीवाले असतात, जरा लवकर या.